माणसं लपवायला लागली आहेत : आमची कंपनी विकत घेणाऱ्यांना खुलं पत्र

माननीय संचालक मंडळ आणि एकत्रीकरण समिती यांस,

स. न. वि. वि.

आमची कंपनी तुम्ही विकत घेतलीत त्याला आता बरेच महिने झाले. दारावरची पाटी बदलली, ओळखपत्रं बदलली, ईमेलचे पत्ते बदलले. ते व्हायचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचंय ते वेगळ्याच बदलाबद्दल. तो तुमच्या एकाही अहवालात आलेला नसेल, आणि आला असेलच तर सुधारणा म्हणून आला असेल. आमच्याकडची माणसं गोष्टी लपवायला लागली आहेत. स्वतःची चूक स्वतःहून येऊन सांगणारी, कंपनीचा पैसा स्वतःचा समजून जपणारी ही माणसं. लपवा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. तुम्ही आणलेल्या एकेका पद्धतीने ते शिकवलं, आणि ते कसं घडतं हे मी माझ्या खुर्चीवरून रोज बघते. मी सेवा विभागात समन्वयक आहे. यंत्र बंद पडल्याचा फोन आधी माझ्याकडे येतो आणि कुठल्या इंजिनिअरला कुठे पाठवायचं ते मी ठरवते.

पत्र खुलं का, असं तुम्ही विचाराल. टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, प्रश्न आधी लेखी मागवले जातात आणि त्यातले निवडक वाचले जातात. कर्मचारी सर्वेक्षणात नाव विचारत नाहीत, पण विभाग, वयोगट आणि नोकरीची वर्षं विचारतात. छोट्या विभागात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. नोकरी सोडून जाणारा शेवटच्या मुलाखतीत ‘चांगली संधी मिळाली’ एवढंच सांगतो, कारण त्याला अनुभवाचा दाखला आणि हिशेब वेळेवर हवा असतो. म्हणजे खरं तुमच्यापर्यंत यायच्या सगळ्या वाटा अशा आहेत की त्या वाटेवर खरं बोलणाऱ्यालाच धोका. शिवाय आज आमच्या कंपनीत जे चाललंय ते उद्या दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत होणार आहे. तिच्या नव्या मालकांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पहिल्या सभेपासून करते. त्या सभेत तुमच्या अध्यक्षांनी सांगितलं, ‘तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही.’ टाळ्या वाजल्या. विश्वास मात्र कुणाचाच बसला नाही. जशीच्या तशी ठेवायची म्हणून कुणी कंपनी विकत घेत नाही, हे स्टोअरमधल्या मदतनिसालाही कळतं. वाईट याचं वाटलं की खरं सांगितलं तर या लोकांना झेपणार नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलंत. त्या दिवशी तुम्ही नुसती यादी वाचून दाखवली असती, की हे बदलणार, हे राहणार, याचं अजून ठरलेलं नाही आणि अमुक तारखेपर्यंत ठरेल, तर सभेत शांतता पसरली असती, पण दुसऱ्या दिवशी लोक कामाला लागले असते. त्याऐवजी लोक अंदाज बांधायला लागले. अजून बांधतायत.

अशा गोड शब्दांचं पुढे काय होतं ते जगाने बघितलेलं आहे. १९९८ मध्ये जर्मनीची डाइमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर एकत्र आल्या, तेव्हा हे बरोबरीच्या दोघांचं विलीनीकरण आहे असं सांगण्यात आलं. दोन वर्षांनी अध्यक्ष युर्गेन श्रेम्प यांनी फायनान्शियल टाइम्सच्या मुलाखतीत कबूल केलं की क्रायस्लरला आपला एक विभाग म्हणून चालवायचं हे आधीपासूनच मनात होतं. तसं उघड म्हटलं असतं तर पलीकडच्यांनी सौदाच होऊ दिला नसता. त्याच वर्षी क्रायस्लरचे अमेरिकी अध्यक्ष गेले आणि त्यांच्या जागी जर्मनीहून माणूस आला. २००७ मध्ये क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकून डाइमलर बाजूला झाली.

कॅडबरीची गोष्ट मला त्याहून जास्त लागते. ब्रिस्टलजवळचा सॉमरडेलचा कारखाना बंद करायचं कॅडबरीने २००७ मध्येच जाहीर केलं होतं. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपनीने कॅडबरीसाठी बोली लावताना म्हटलं की आम्ही तो चालू ठेवू शकू. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनी क्राफ्टच्या ताब्यात आली आणि आठवडाभरात, कारखाना बंदच होणार, अशी घोषणा झाली. सुमारे ४०० नोकऱ्यांचा प्रश्न होता. कंपन्यांच्या खरेदी-व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने त्याबद्दल क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला, आणि २०११ मध्ये तिथले नियम कडक झाले : कंपनी घेणाऱ्याने कामगारांबद्दल जो इरादा जाहीर केला असेल, तो निदान बारा महिने खरा राहिला पाहिजे. कारखाना बंद होणार हे त्या माणसांना आधीच कळलं होतं. मधले काही महिने त्यांना आशा लावली आणि मग तीच बातमी परत सांगितली. नुकसान भरपाईच्या कुठल्याही तक्त्यात या आशेसाठी रकाना नसतो.

एक गोष्ट मी तुमच्या बाजूने सांगते. करार जाहीर झाल्यापासून ताबा मिळेपर्यंत तुम्ही आमच्याशी फार बोललाच नाहीत, त्याला कारण होतं. स्पर्धा नियामकांची मंजुरी येईपर्यंत दोन्ही कंपन्यांनी वेगळंच राहायचं असतं. ताबा मिळायच्या आत दुसऱ्या कंपनीच्या कारभारात हात घातला तर जबर दंड होतो. आल्टिस कंपनीने पोर्तुगालमधली दूरसंचार कंपनी घेताना हे केलं म्हणून युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये तिला १२.४५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेव्हा त्या काळातलं मौन आम्ही समजू शकतो. ताबा मिळाल्यानंतरच्या मौनाला मात्र असं काही कारण उरत नाही.

आता लपवण्याकडे येते.

आमची कंपनी रक्ततपासणीची यंत्रं बनवते आणि त्यांची देखभाल करते. या यंत्रात प्रोब नावाची एक बारीक पोलादी सुई असते. ती नळीतून नमुना उचलते, आणि द्रवाला टेकल्याचं तिला विद्युत संकेतावरून कळतं. ती जराशी जरी वाकली तर नमुना कमी-जास्त उचलला जातो, कंट्रोल (म्हणजे यंत्र बरोबर चालतंय का ते बघायचे, उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) चुकायला लागतात, आणि शहाणा तंत्रज्ञ त्या यंत्रावर एकही रिपोर्ट सोडत नाही. प्रोब बदलायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो प्रोब हातात यायला.

पूर्वी इंजिनिअर प्रयोगशाळेतूनच स्टोअरला फोन करायचा. स्टोअरचे काका यंत्राचा नंबर विचारायचे, दोन प्रश्न असे विचारायचे की खरंच प्रोबच गेलाय का दुसरं काही आहे ते तिथल्या तिथे कळायचं, आणि पार्ट रवाना व्हायचा. रजिस्टरमध्ये नोंद लगेच, कागद दुसऱ्या दिवशी. ठरावीक रकमेपर्यंत इंजिनिअरचा शब्द पुरायचा. त्या शब्दाला किंमत होती म्हणूनच तो कुणी वाया घालवायचा नाही.

आता टिकीट काढावं लागतं, म्हणजे संगणकावर रीतसर मागणी नोंदवावी लागते. प्रकार निवडा, खराब भागाचा फोटो जोडा, खर्चाचा कोड टाका, मग रिपोर्टिंग मॅनेजरची मंजुरी, मग वित्त विभागाची, मग प्रादेशिक लॉजिस्टिक्सची. यातला एक मंजुरी देणारा अशा ठिकाणी बसतो की आमची दुपार ही त्याची मध्यरात्र असते. सकाळी उठून तो विचारतो, प्रोब वाकला कसा, ग्राहकाने नीट वापरला नाही का? प्रश्न चुकीचा नाही. पण तो प्रोब बसवल्यावरही विचारता येतो. तोपर्यंत प्रयोगशाळेत नमुने पडून आहेत, डॉक्टर रिपोर्टची वाट बघतायत, आणि मी फोनवर ‘प्रक्रिया चालू आहे’ असं सांगत बसलेय.

यावर इंजिनिअरांनी काय केलं? जे कुणीही कामाची चाड असलेला माणूस करेल तेच केलं. चांगल्या स्थितीतला प्रोब खराब दाखवायचा, नवा मंजूर करून घ्यायचा आणि तो बॅगेत ठेवायचा. पुढच्या वेळी यंत्र बंद पडलं की बॅगेतला प्रोब बसवायचा, टिकीट मागाहून. एकाने केलं, त्याची यंत्रं लवकर चालू व्हायला लागली, त्याला शाबासकी मिळाली. मग सगळ्यांनी केलं. आज आमच्या इंजिनिअरांच्या बॅगांमध्ये एक दुसरंच स्टोअर आहे आणि ते तुमच्या प्रणालीत कुठेच नाही. तुमची प्रणाली सांगते की प्रोब फार लवकर खराब होतायत. म्हणून जास्त मागवले जातात. मग लेखापरीक्षण येतं, साठ्यात तफावत सापडते, आणि सगळ्या विभागाला ताकीद देणारा ईमेल येतो.

तो ईमेल वाचून ज्यांची मान खाली गेली त्यांच्यात असे लोक होते ज्यांनी उभ्या नोकरीत प्रवासाचं एक खोटं बिल लावलं नव्हतं. त्यांना खोटं लिहायला लागलं ते ग्राहकाचं काम वेळेत व्हावं म्हणून. हे मला सहन होत नाही, आणि हेच तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

नियंत्रण नको असं कुणीच म्हणत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला अंतर्गत नियंत्रणं दाखवावी लागतात, लेखापरीक्षकांना उत्तरं द्यावी लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आधी अडवणं आणि नंतर तपासणं यात फरक आहे. ठरावीक रकमेखालचे पार्ट इंजिनिअरच्या शब्दावर जाऊ द्या. महिन्याच्या शेवटी त्यातले काही कुठलेही उचला आणि खोलात जाऊन तपासा. खोटं करणारा सापडेल. आज तुम्ही सगळ्यांनाच अडवताय, आणि त्यामुळे खरा लबाड कोण आणि नाइलाजाने लपवणारा कोण हे तुम्हाला वेगळं काढताच येणार नाही.

दुसरी गोष्ट चुकांच्या बैठकीची. आमच्याकडे आठवड्यातून एकदा सेवा विभागाची बैठक व्हायची आणि तिच्यात ज्याच्या हातून चूक झाली तो स्वतः ती सांगायचा. कनेक्टर उलटा बसवला, कॅलिब्रेशन करायचं राहिलं, जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर चढवलं, असं काहीही. हसणं नाही, रागावणं नाही. एक वही होती, तिच्यात ते लिहिलं जायचं, आणि नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मॅन्युअलच्या आधी ती वही वाचायला द्यायची पद्धत होती. मोठ्या माणसांच्याही चुका तिच्यात होत्या, आमच्या विभागप्रमुखांच्या तर सगळ्यात जास्त. त्यामुळे नव्या माणसाची भीती जायची.

तुम्ही ही बैठक बंद केली नाहीत. तुम्ही तिला नाव दिलंत, फॉर्म दिलात, आणि त्या फॉर्ममध्ये कर्मचारी क्रमांकाचा रकाना घातलात. पुढे वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये त्या नोंदी समोर ठेवल्या गेल्या. बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचा, मधला आणि तळाचा दर्जा द्यायच्या पद्धतीत, कुणाला तरी तळाला बसवावंच लागतं. मॅनेजरला कारण हवं होतं, कारण तयारच होतं. त्यानंतरच्या बैठकीत कुणाकडूनही एकसुद्धा चूक झालेली नव्हती. आजही होत नाही. चुकांच्या नोंदी कमी झाल्याचा आलेख तुमच्या तिमाही सादरीकरणात ‘गुणवत्तेतील सुधारणा’ या मथळ्याखाली दाखवला गेला, तेव्हा आमच्या बाजूचा एकही माणूस वर बघत नव्हता. चुका तितक्याच आहेत. यंत्रं त्याच कारणांनी परत बंद पडतात, हे माझ्याकडे येणाऱ्या फोनवरून मला दिसतं. फक्त आता एकाची चूक दुसऱ्याला कळत नाही, म्हणून दुसरा तीच करतो.

विमान वाहतुकीत हे कोडं कधीच सोडवलेलं आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक, हवाई नियंत्रक आणि इतर कर्मचारी यांच्याकडून चुकांचे आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचे अहवाल घेणारी एक व्यवस्था आहे. ती नियामकाकडे न ठेवता नासाकडे ठेवली, मुद्दाम. अहवालातलं नाव काढून टाकलं जातं, आणि हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांच्या आत कळवणाऱ्याला शिक्षेपासून संरक्षण मिळू शकतं. ज्याच्या हातात शिक्षा आहे त्याच्याकडे कुणी कबुली देत नाही, एवढी साधी गोष्ट ध्यानात घेऊन हे केलं गेलं. आमच्या वहीला असा कुठला अभ्यास लागला नव्हता, पण तिच्यामागे शहाणपण तेच होतं.

आणि बेल कर्व्हबद्दल : दरवर्षी तळाचे दहा टक्के वेगळे काढायची ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी गाजवली. पुढे त्या कंपनीनेही ती सोडली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ती बंद केली. शेजारच्याला मदत केली तर आपलाच क्रमांक घसरतो, असं जिथे वाटतं तिथे माणसं शेजाऱ्याला काय शिकवतील? आमच्याकडे जुना इंजिनिअर नव्याला फोनवर तासभर समजावत बसायचा. आता तो म्हणतो, टिकीट काढ.

मधल्या फळीतल्या मॅनेजरांबद्दल थोडंच लिहिते. त्यांना काही गोष्टी आधी कळतात आणि सांगायची परवानगी नसते. ज्या माणसांबरोबर रोज काम करायचं त्यांच्याच नजरेला नजर देता येत नाही, अशा स्थितीत तुम्ही त्यांना ठेवलंय. त्यांच्यातले चांगले आधी जातील.

रिटेन्शन बोनसचंही सांगायला हवं. ताबा मिळाल्यावर काही निवडक लोकांना, ठरावीक तारखेपर्यंत थांबलात तर अमुक रक्कम, अशी पत्रं मिळाली. गुप्त होती, पण कुणाला मिळाली ते आठवड्यात सगळ्यांना कळलं. ही यादी कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणाऱ्या संस्थेच्या आराखड्यावरून केली होती हे उघड आहे, कारण तिच्यात मोठे हुद्दे होते. स्टोअरचे काका तिच्यात नव्हते. वीस वर्षांच्या यंत्राचा कुठला पार्ट नव्या यंत्रालाही चालतो हे ज्यांच्या डोक्यात आहे ते काका. नव्या इंजिनिअरांना शिकवणाऱ्या ताईही नव्हत्या. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ताई प्रतिस्पर्धी कंपनीत गेल्या. ज्यांना बोनस मिळाला त्यांच्यातले बरेच जण ती तारीख कधी येते याची वाट बघत बसलेत. त्या दिवसापर्यंत ते थांबतील, काम मात्र आताच थांबलंय.

आमच्या कंपनीसाठी तुम्ही जी किंमत मोजलीत, ती इमारती, यंत्रं, पेटंट आणि येणी यांच्या हिशेबापेक्षा बरीच जास्त होती. ही जास्तीची रक्कम तुमच्या ताळेबंदात गुडविल म्हणून बसली, आणि तिची किंमत टिकून आहे का हे दरवर्षी तपासावं लागतं. टिकली नाही तर तोटा दाखवावा लागतो. ह्युलेट-पॅकार्डने २०११ मध्ये ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली आणि साधारण वर्षभरानंतर तिच्यापोटी ८.८ अब्ज डॉलरची किंमत हिशेबातून उतरवली. तिथली कारणं वेगळी होती, वाद हिशेबाच्या सचोटीचा होता. पण आकडा उतरवायला वेळ लागत नाही हे त्यावरून दिसतं. आमच्या बाबतीत त्या रकमेतला मोठा भाग काकांच्या डोक्यात होता आणि त्या वहीत होता. तुमच्या कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण तुम्ही आम्हाला विचारलंच नाहीत. कोण महत्त्वाचं हे आराखड्यावरून कळत नाही. अडचण आली की लोक कुणाला फोन करतात ते बघा. माझ्याकडे या, मी सांगते.

कागदांचा एक मुद्दा छोटा आहे, पण त्याने लोकांची झोप उडवली आहे. नव्या एचआर प्रणालीत आमच्या सगळ्यांची रुजू होण्याची तारीख म्हणून ताबा मिळाल्याचा दिवस दिसतो. विचारलं तर उत्तर येतं, ‘ते फक्त दिसण्यापुरतं आहे, सेवा सलगच आहे.’ मग दुरुस्त का होत नाही? धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कामगारांचे करार आणि हक्क त्याच्याबरोबर जातात, केवळ मालकी बदलली म्हणून कुणाला काढता येत नाही, असा निर्देश युरोपात १९७७ पासून आहे. भारतातल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २५ एफएफमध्येही हेच सूत्र होतं : सेवा खंडित होता कामा नये, अटी आधीपेक्षा वाईट असता कामा नयेत, आणि पुढे कपात झालीच तर भरपाई सगळी सेवा सलग धरून द्यायची, नाही तर हस्तांतराच्या वेळीच भरपाई द्या. शेअर घेऊन मालकी बदलली असेल तर नोकरी देणारी कंपनी कायद्याने तीच राहते, मग खंडाचा प्रश्नच येऊ नये. माणसाने पंचवीस वर्षं दिलेली असतात आणि पडद्यावर त्याचं आयुष्य काही महिन्यांचं दिसतं. ती तारीख दुरुस्त करायला एका माणसाचं थोडं काम लागेल. ते अजून झालेलं नाही, यावरून लोक काय समजायचं ते समजले.

तुम्ही आणलेलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. आमच्या जुन्या कंपनीत बढती कुणाला मिळणार हे मालकांच्या मर्जीवर होतं. बाईने त्रासाची तक्रार केली तर ती कुणाच्या तरी केबिनमध्ये मिटवली जायची. तुमच्याकडे त्यासाठी समिती आहे आणि ती खरंच काम करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रसायनं हाताळताना लागणारी सुरक्षेची साधनं आता मागावी लागत नाहीत. वैद्यकीय विमा चांगला झालाय. जुने दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. म्हणूनच माझं म्हणणं तुम्ही जुन्याची ओढ म्हणून बाजूला सारू नये.

कंपनी घेऊन तिच्यातलं मोलाचं राखता येतं, याचं उदाहरण आहे. डिस्नेने २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरना पिक्सार घेतली तेव्हा पिक्सारमध्ये काय काय बदलायचं नाही याची यादीच दोन्ही बाजूंनी मिळून केली. ईमेलचे पत्ते, दारावरची पाटी, इथपर्यंत. पिक्सारचे एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे डिस्नेचा स्वतःचा अ‍ॅनिमेशन विभागही सोपवला. म्हणजे विकत घेणाऱ्याने विकत घेतलेल्यांकडून शिकायचं ठरवलं. पाटी आमच्या लेखी महत्त्वाची नाही, पण यादी महत्त्वाची आहे. कुणीतरी बसून विचारलं होतं, की तुमचं काम कशामुळे चांगलं होतं, आणि ते लिहून घेतलं होतं.

आमची यादी लांब नाही. ठरावीक रकमेखालच्या पार्टवर इंजिनिअरचा शब्द परत चालू करा आणि बॅगांमधला साठा एका ठरलेल्या तारखेपर्यंत विनाशिक्षा जमा करून घ्या. तुमचा हिशेब एका दिवसात जुळेल. चुकांच्या नोंदीतून कर्मचारी क्रमांकाचा रकाना काढा, त्या नोंदी अप्रेझलला जोडल्या जाणार नाहीत असं लेखी द्या, आणि सुरुवातीच्या बैठकीत तुमच्यापैकी कुणीतरी येऊन स्वतःची चूक सांगा, मगच आमची माणसं बोलतील. बेल कर्व्ह सगळ्या समूहात चालतो हे माहीत आहे; निदान सेवा विभागासारख्या एकमेकांवर अवलंबून असलेल्या गटांना तो लावू नका. रुजू होण्याच्या तारखा दुरुस्त करा. आणि अजून कुठले विभाग एकत्र होणार आहेत, कुठली ठिकाणं बंद होणार आहेत, याचं जे ठरलंय ते सांगा. वाईट असलं तरी सांगा. ज्यांच्या घराचे हप्ते चालू आहेत, मुलांच्या शाळेचे निर्णय घ्यायचे आहेत, त्यांना वाईट बातमी महिनाभर आधी कळणं हीसुद्धा मोठी मदत असते.

या पत्राचं उत्तर टाउन हॉलमध्ये नको. लेखी द्या, सगळ्या कर्मचाऱ्यांना एकाच वेळी द्या, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण करणार आणि कधीपर्यंत करणार ते लिहा. जे जमणार नाही त्यापुढे ‘जमणार नाही’ असं लिहा, कारणासह. तेवढं आलं तर बॅगा रिकाम्या करायला मी स्वतः इंजिनिअरांना सांगेन, आणि ते माझं ऐकतील.

कळावे,
सेवा विभागातील एक समन्वयक